जॅग्वार श्रेष्ठ की पोर्श ?

मधल्या सुट्टीत आमच्या वर्गात जे वाद रंगतात, त्यांत मोटारींचा वाद सर्वांत चिवट. एक पक्ष इंग्लंडच्या जॅग्वार ई-टाइपचा, दुसरा जर्मनीच्या पोर्श ९११ चा. या गाड्यांत आमच्यापैकी कोणी कधी बसलेलाही नाही. तथापि त्यांचा इतिहास आम्ही आवडीने वाचला आहे. त्या बळावरच हे मत मांडण्याचे धाडस करीत आहो.

ई-टाइप १९६१ च्या मार्च महिन्यात जिनीव्हाच्या प्रदर्शनात अवतरली. तिचे रूप माल्कम सेयर यांनी आखले. हे गृहस्थ मूळचे विमानाच्या कारखान्यातील. वाऱ्याचा विरोध कमीत कमी कसा होईल याचे गणित मांडून त्यांनी तिची वळणे ठरविली. लांबट नाकाखाली ३.८ लिटरचे, २६५ अश्वशक्तीचे एंजिन. चारही चाकांना डिस्क ब्रेक. वेग ताशी १५० मैल, असे कंपनी सांगे. किंमत मात्र सुमारे २,००० पौंड ! न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये तिला आपल्या संग्रहात स्थान दिले, ते यथायोग्यच होय.

पोर्श १९६३ मध्ये फ्रँकफुर्ट येथे लोकांपुढे आली, ती ९०१ या नावाने. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे ती ९११ झाली. तिचे एंजिन अवघे दोन लिटरचे, १३० अश्वशक्तीचे, हवेने थंड होणारे. आणि तेही मागील आसाच्या पाठीमागे बसविलेले. बैलगाडीचे ओझे मागे पडले म्हणजे ती उलाळ होते, हे खेड्यातले पोरही जाणते. या मोटारीचा दोषही ओझ्याच्या जागेचाच. वळणावर चालकाने घाबरून एकाएकी वेग सोडला की तिचा मागचा भाग बाहेर फेकला जाई.

येथवर जॅग्वारचेच पारडे जड आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु पुढे काय घडले ? ई-टाइपच्या दिव्यांवरील डौलदार काच १९६७ मध्ये गेली. १९७१ मध्ये बारा सिलिंडरांचे एंजिन आले. गाडी जड झाली आणि १९७४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. प्रत्येक बदलाने तिचे मूळचे रूप थोडे उणेच झाले. उलट पोर्शच्या कारागिरांनी १९६८ मध्ये मागची चाके ५७ मिलिमीटर मागे सरकविली, पुढे टायर रुंद केले, स्प्रिंगांची रचना बदलली. १९९८ पर्यंत हवेने थंड होणारे एंजिनही गेले आणि पाण्याने थंड होणारे आले. २०१७ च्या मे महिन्यात दहा लाखावी ९११ तयार झाली. ती आजही निघते आहे.

'एंजिन मागेच ठेवणे हा निव्वळ हट्ट नव्हे काय ?' असे प्रतिपक्ष विचारतो. हट्ट खराच. खुद्द कंपनीनेही १९७७ मध्ये पुढे एंजिन असलेली ९२८ काढून पाहिली होती. परंतु मागच्या एंजिनाचा एक गुण आहे : त्याचा भार चालत्या चाकांवर पडतो, म्हणून सुटताना ती रस्ता घट्ट धरते. दोष आणि गुण एकाच जागी असले, तर गुण राखून दोष काढणे हेच कठीण काम. आणि ते या लोकांनी साठ वर्षे केले.

जन्मतःच सुंदर असणे हे भाग्य होय. आपला दोष ओळखून तो दरसाल थोडाथोडा दुरुस्त करणे, हा पराक्रम होय. गणितात पहिल्या चाचणीस नापास होणाऱ्या आमच्यासारख्यांनी कोणत्या गाडीचा कैवार घ्यावा, हे का सांगावयास हवे ? आमचे मत पोर्शला !