गाव सोडायचे कधी, हे पाणी येण्याआधी ठरवा

22 सप्टेंबर 2025 रोजी घटस्थापना होती. करमाळा तालुक्यात घरोघरी घट बसले, पत्रावळीवर काळी माती पसरून त्यात धान्य पेरले गेले, नंदादीप लागले. कमलाभवानीच्या देवळात नवरात्राची गर्दी सुरू झाली. आणि त्याच दोन-तीन दिवसांत सीना पात्र सोडून शेतांत, वस्त्यांवर, गावठाणांत शिरली. ऐन पावसाळ्यातही जिच्या वाळूतून चालत पलीकडे जाता येते, त्या नदीने उभा ऊस आडवा केला, उडीद-तूर नेली, मोटारी आणि पाइप नेले, कित्येक ठिकाणी तर शेतातली मातीच खरवडून नेली. पोथरे, निलज, बिटरगाव, तरटगावपासून खाली माढा, मोहोळ आणि थेट दक्षिण सोलापूरपर्यंत नदीकाठाने तेच सोसले. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग पाण्याखाली गेला. पलीकडे परंड्यात माणसे हेलिकॉप्टरने उचलावी लागली, माढ्यात लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या.

जवानांनी, पट्टीच्या पोहणाऱ्या तरुणांनी, ट्रॅक्टर घेऊन धावलेल्या शेजाऱ्यांनी जे केले त्याला तोड नाही. तरीही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. पाण्याने वेढल्यावर ज्यांना छपरावरून उतरवावे लागले, त्यांना आदल्या दुपारी कोरड्या रस्त्याने चालत नेता आले नसते का? गाव रिकामे करण्याचा निर्णय कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर घ्यायचा, हे आपल्याकडे ठरलेलेच नाही. ते ठरत नाही तोवर प्रत्येक मोठ्या पुरात बोटींची वाट पाहणे एवढेच आपल्या हाती राहील.

आज इशारा कसा येतो ते पाहा. व्हॉट्सअॅपवर एक पत्र फिरते: अमुक प्रकल्पातून सायंकाळी सहा वाजता इतके हजार क्युसेक विसर्ग सोडण्यात येत आहे, तरी नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर पाणी, हे हिशेबाचे झाले. पण पन्नास हजार क्युसेकला पाणी माझ्या गोठ्याच्या उंबऱ्याला लागेल की मारुतीच्या पारापर्यंत येईल, हे त्या पत्रातून कुणालाच कळत नाही. सतर्क राहायचे म्हणजे नेमके काय करायचे? जागे राहायचे, की निघायचे? निघायचे तर कुठे, किती वाजेपर्यंत, कोणत्या रस्त्याने? इशारा देणाऱ्याने आपले काम केले, ऐकणाऱ्याला मात्र काहीच मिळाले नाही. मग माणूस बॅटरी घेऊन काठावर जातो, मागच्या पुराच्या खुणेकडे पाहतो आणि घरी येऊन झोपतो. सांगली-कोल्हापुरात 2019 मध्ये हेच झाले. 2005 ला पाणी जिथवर आले होते तिथवरच येईल, या भरवशावर लोक घरात थांबले. पाणी त्याच्या वर गेले. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये माणसे बाहेर काढणारी बोट उलटून 17 जण गेले. त्यांनी घर सोडायचे ठरवले होते, पण तोवर कोरडा रस्ता उरला नव्हता.

लोक वेळेवर निघत नाहीत, याचे खापर त्यांच्या अडाणीपणावर फोडणे सोपे आहे. ते चूक आहे. घट बसलेल्या घरातली बाई नऊ दिवस अखंड ठेवायचा दिवा सोडून कशी निघेल? तिला कुणी तरी, गावच्या गुरवाने किंवा घरातल्या थोरल्यांनी, दिवा शाळेत नेऊन लावला तरी चालतो असे आधी सांगायला हवे. आणि जनावरे. ज्याच्या दावणीला दोन म्हशी, एक जर्सी गाय आणि चार शेळ्या आहेत, त्याचे दुधाच्या पगारावर घर चालते. त्याला नुसते ‘तुम्ही चला’ म्हणून भागत नाही. तो बायका-मुलांना पाठवतो आणि स्वतः गोठ्यात थांबतो. रात्री पाणी गुडघ्याला लागले की दावी कापून जनावरे मोकळी सोडतो, कारण बांधलेले जनावर उभ्या जागी बुडते. सीनाकाठच्या कितीतरी गोठ्यांत सप्टेंबरात कापायलाही सवड मिळाली नाही. बांगलादेशच्या किनाऱ्यावर वादळात जनावरे नेऊन बांधण्यासाठी मातीचे उंच ओटे उभारलेले आहेत, त्यांना तिथे किल्ला म्हणतात. आपल्या तालुक्यात माळरानाला तोटा नाही. गावाजवळचा उंच माळ, तिथे पाण्याची टाकी, कडब्याची सोय आणि पहारा एवढे जमले, तर निम्मी माणसे न सांगता निघतील.

याखेरीज एक खोल कारण करमाळ्यालाच ठाऊक आहे. तालुक्याच्या पश्चिमेला उजनीचे पाणी पसरले आहे. धरण 1980 मध्ये पुरे झाले, भीमाकाठची गावे उठली. जुने केत्तूर, जुने पोमलवाडी पाण्याखाली गेले. ‘सरकार म्हणते, घर सोडा’ हे वाक्य इथल्या एका पिढीने ऐकले आणि ती पुन्हा त्या घरात गेली नाही. कोरड्या जमिनीवर मांडी ठोकून बसायला, हक्काची भाकरी मिळवायला त्यांना किती वर्षे खेटे घालावे लागले, ते त्यांच्या नातवंडांनाही पाठ आहे. अशा तालुक्यात दोन दिवसांसाठी घर सोडा म्हणणाऱ्याने, परत कधी आणणार, तोवर घराची राखण कोण करणार, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

निर्णय घेणाऱ्याची अडचणही खरी आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती पुरेसे अधिकार दिले आहेत. अधिकार आहेत, पण खात्री कुठून आणायची? गाव हलवले आणि पाणी आलेच नाही, तर तहसीलदाराची टवाळी होते, डिझेलच्या बिलावर शेरे येतात आणि पुढच्या वेळी कुणी जागचे हलत नाही. अमेरिकेत 2005 मध्ये या दोन्ही बाजू महिन्याभरात दिसल्या. कॅटरिना वादळ येत असताना न्यू ऑर्लिन्सच्या महापौरांनी शहर सक्तीने रिकामे करण्याचा आदेश 28 ऑगस्टला दिला. वादळ 29 ला पहाटे धडकले. गाड्या होत्या ते गेले. ज्यांच्याकडे गाडी नव्हती असे जवळपास लाखभर लोक मागे राहिले, आणि त्यांना नेता आले असते अशा शाळेच्या बस आगारातच पाण्यात उभ्या राहिल्या. त्याच धास्तीने पुढच्या महिन्यात रिटा वादळाआधी ह्यूस्टन परिसरातून पंचवीस लाखांच्या आसपास लोक एकदम रस्त्यावर आले. उन्हात, कोंडीत अडकून आणि वृद्धांना नेणारी एक बस पेटून शंभराच्या घरात माणसे दगावली. वादळ शेवटी दुसरीकडे वळले.

म्हणून ‘सगळ्यांना बाहेर काढा’ हे उत्तर पुरत नाही. कुणाला काढायचे, हे घरनिहाय माहीत असावे लागते. ओडिशाने ते शिकायला किंमत मोजली. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मे 2019 मध्ये फनी चक्रीवादळ पुरीला धडकण्याआधी त्या राज्याने सुमारे 12 लाख लोक हलवले. मृत्यू 64 झाले. मधल्या वीस वर्षांत किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावागावांत पथके तयार झाली, दर वर्षी सराव झाला. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे आणि तिला कोण उचलणार, हे वादळाच्या आधी ठरलेले होते. ओडिशा काही श्रीमंत राज्य नाही. आपल्याला जमणार नाही, असे त्यात काहीही नाही.

सीनेची एक गुंतागुंत वेगळी आहे. पाऊस पडतो अहिल्यानगर आणि बीडकडे, सीना-कोळेगावचे धरण धाराशिव जिल्ह्यात परंड्याच्या हद्दीत, आणि पाणी शिरते सोलापूर जिल्ह्यात. नदी एक, जिल्हे अनेक. वरच्या भागात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की ती बातमी करमाळ्याच्या तहसीलला, तिथून पोलीस पाटलाला आणि कोतवालाला थेट मिळाली पाहिजे; मुंबई-पुण्याला वळसा घालून नव्हे. पाण्याला खाली यायला काही तास लागतात. ते तास आपले आहेत, आणि आज ते कागद फिरवण्यात जातात.

आमचे म्हणणे एवढेच की निर्णय रात्रीच्या घबराटीवर सोडू नका, तो आत्ताच लिहून ठेवा. सप्टेंबर 2025 च्या पुराची गाळरेघ भिंतींवर राहिली. ती पुसली जाण्याआधी शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या, देवळाच्या भिंतीवर पक्क्या रंगाने आखा, साल घाला. गावच्या पुलावर किंवा बंधाऱ्यावर एक खूण ठरवा: पाणी इथे लागले आणि वरून विसर्ग वाढतोय असे कळले, की खालची आळी निघणार. मग फोनची वाट पाहायची नाही, सरपंचाचा कौल घ्यायचा नाही, देवळाचा भोंगा वाजला की निघायचे. वीज गेली तर दवंडी. आणि निघायचे ते दिवसा. सायंकाळी पाचपर्यंत खूण ओलांडली नसेल, पण रात्री ओलांडण्याची शक्यता असेल, तर पाचलाच निघायचे. 1961 च्या जुलैत पानशेत फुटत असताना जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे धरण काही तास उशिरा फुटले आणि पुण्यात पाणी दिवसाउजेडी आले. त्या काही तासांनी किती जीव वाचवले असतील!

सरकारकडून एक लेखी हमी हवी. ठरलेल्या खुणेनुसार गाव हलवणाऱ्या तहसीलदाराला, ग्राम महसूल अधिकाऱ्याला किंवा सरपंचाला, पाणी आले नाही म्हणून कुणीही जाब विचारणार नाही. दोनदा उगाच निघावे लागले तरी चालेल. तिसऱ्यांदा निघताना त्या माणसांना जेवण, चारा आणि राखण मिळाली होती एवढे आठवले पाहिजे.

भीमेच्या बाजूलाही हीच शिस्त लागेल. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. वारा सुटला की बोट सोडायची नाही, हा नियम प्रवाशांच्या घाईवर आणि नावाड्याच्या धीटपणावर सोपवता येत नाही.

1 मे रोजी ग्रामसभा भरतात. करमाळा तालुक्यातल्या सीना आणि भीमाकाठच्या प्रत्येक गावाने त्या दिवशी हा एकच विषय घ्यावा: खूण कोणती, माळ कोणता, भोंगा कोण वाजवणार आणि कोणाच्या घरी कोण जाणार. नावानिशी ठराव लिहावा, तो शाळेच्या भिंतीवर लावावा आणि एक प्रत तहसीलला द्यावी. मृग निघण्याआधी एकदा सगळे गाव त्या माळापर्यंत चालून यावे, जनावरांसकट.