ट्रॉलीचे ओझे व क्लचची आच

उसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडलेल्या दिसू लागतात. चढावर एखादा ट्रॅक्टर अडतो, इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र जागची हलत नाही. आणि थोड्याच वेळात जळक्या वासाचा भपकारा येतो. बघणारे म्हणतात, "क्लच गेला." मालक म्हणतो, "ड्रायव्हरने घालवला." ह्या दोन वाक्यांत प्रकरण मिटते व नवी क्लच प्लेट आणावयास माणूस तालुक्याला जातो. आमच्या मते हा निवाडा घाईचा आहे. क्लच चढावर जळताना दिसतो खरा, परंतु त्याच्या जळण्याची सुरुवात बहुधा फडातच, ट्रॉली भरताना झालेली असते.

क्लचचे काम शेतकरी बंधूंनी नीट समजून घ्यावे. इंजिनाची फिरती शक्ती गिअरपर्यंत पोहोचते ती एका पातळ चकतीच्या पकडीतून. पकड पक्की असेल तर उष्णता उत्पन्न होत नाही. पेडल अर्धवट दाबलेले असेल तर चकती घसरते, आणि घसरणीत वाया गेलेली सर्व शक्ती उष्णता होऊन तिथेच साठते. हिशोबच पाहा. इंजिन ४० अश्वशक्ती देत आहे व त्यातील चौथा हिस्सा घसरणीत जात आहे असे धरले, तर १० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे साडेसात किलोवॅट, केवळ उष्णतेत जाते. हजार वॅटच्या सात विजेच्या शेगड्या एका बंद डब्यात पेटवून ठेवाव्यात, तसाच हा प्रकार होय. अशी आच मिनिटभर राहिली तरी प्लेटीचे लायनिंग करपू लागते; ते चकचकीत व कठीण होते, त्याची पकड सुटते, पकड सुटली की घसरण वाढते, आणि घसरण वाढली की आच आणखी वाढते. फ्लायव्हीलवर निळे डाग व बारीक चिरा पडतात त्या ह्याच आचेने.

अमेरिकेतील शेतकरी पिकअप ट्रकमागे जनावरांची किंवा यंत्रांची गाडी जोडून नेतात. तेथील बहुतेक पिकअपना स्वयंचलित गिअर असतात, व त्यांत क्लच प्लेटीऐवजी तेलाच्या प्रवाहातून शक्ती पुढे जाते. तेथेही जड ओझे, चढ आणि मंद गती एकत्र आली की घसरण होते व गिअरचे तेल तापते. म्हणून ओढकामाच्या अनेक गाड्यांना तेल थंड करणारी वेगळी जाळी असते व तेलाची उष्णता दाखविणारा काटा चालकासमोर असतो. आपल्या ट्रॅक्टरवर इंजिनाच्या पाण्याचा काटा असतो; क्लचची आच दाखविणारा काटा सहसा नसतो. काटा मध्यावर पाहून चालक निश्चिंत राहतो, आणि पायाखाली प्लेट जळत असते. आपल्याला इशारा मिळतो तो फक्त वासाचा, व तो वास येईपर्यंत नुकसान सुरू झालेले असते. ज्या यंत्राला काटा नाही, तिथे काट्याचे काम माणसाच्या शिस्तीनेच केले पाहिजे.

ह्या शिस्तीतील पहिली गोष्ट ओझ्याची आहे, आणि ती चालकाच्या हाती नसते. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. त्यामुळे प्रत्येक खेपेला चार मोळ्या अधिक चढविण्याचा मोह होतो. हा मोह फायद्याचा आहे काय? समजा, एका खेपेची योग्य मर्यादा १० टन आहे व आपण १२ टन भरतो. दिवसाला दोन खेपा धरल्या तर रोजची जादा कमाई ४ टनांची. क्लच प्लेट बदलावयाची तर ट्रॅक्टर इंजिन व गिअरपेटी ह्यांच्यामध्ये फोडावा लागतो. हंगामाच्या गर्दीत कारागीर व सुटे भाग मिळून तीन दिवस गेले, तर सहा खेपा, म्हणजे ६० टन वाहतूक बुडाली. पंधरा दिवसांची जादा कमाई तीन दिवसांत गेली. दुरुस्तीचा खर्च निराळाच. शिवाय तोडणीची टोळी बसून राहते, आणि तोडलेला ऊस फडात वाळून वजन व साखर दोन्ही गमावतो. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असेल तर हप्ता मात्र थांबत नाही.

दुसरी गोष्ट चालकाच्या पायाची. गाडी सुरू करताना खालचा गिअर घ्यावा, पेडल एका संथ गतीने सोडावे, व सोडल्यावर पाय पेडलवरून पूर्ण काढावा. पाय नुसता टेकवून ठेवण्याच्या सवयीने पकड ढिली राहते. चढ लागण्यापूर्वीच गिअर उतरवावा. चढाच्या मध्यावर इंजिन दबल्यावर अर्ध्या क्लचने ओढून नेऊ नये. कारखान्याच्या वजनकाट्यापुढील रांगेत अनेक चालक चढणीवर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरतात. तिथे हँडब्रेक लावून गिअर न्यूट्रल करावा. ट्रॉली फडात रुतली असेल तर क्लच मारून मारून काढू नये. ओझे कमी करावे, नाही तर दुसरा ट्रॅक्टर जोडावा. वास आलाच, तर सपाट जागी थांबून, ब्रेक लावून, गिअर न्यूट्रल करून, पेडल मोकळे सोडून इंजिन मंद चालू ठेवावे. निदान पाव तास तरी पुन्हा ओढ देऊ नये.

उतारावर उलट मोह होतो: इंजिन वाचविण्यासाठी न्यूट्रल करणे किंवा क्लच दाबून गाडी सोडून देणे. ह्याच्याइतकी घातक चूक नाही. सारे ओझे मग ब्रेकवर येते. आणि अनेक ट्रॅक्टरांत ब्रेक गिअरच्याच तेलात बुडालेले असल्यामुळे ती आच त्या तेलालाही लागते. तापलेले ब्रेक गाडी रोखत नाहीत. ज्या गिअरमध्ये तो चढ चढता आला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

तिसरी गोष्ट देखभालीची. तेल फार तापले की लवकर बिघडते. उष्णतेत दर १० अंश सेल्सिअस वाढीला तेलाचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा एक ढोबळ नियम आहे. म्हणून हंगामापूर्वी गिअरचे तेल पाहावे. कमी असेल तर भागांची झीज होते, जास्त असेल तर घुसळून फेस येतो व उष्णता वाढते, दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजावे. क्लच पेडलची मोकळी चाल पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. ही तपासणी सकाळच्या एका तासाची आहे.

ह्यावर काही अनुभवी मालक म्हणतील, "एवढे नियम पाळले तर खेपा व्हायच्या कशा? शेजारी भरतो, म्हणून आम्हीही भरतो." त्यांची अडचण खोटी नाही. परंतु एकट्याने शिस्त पाळणे कठीण असेल, तर ती गावाने मिळून पाळावी. गावातील ट्रॅक्टरमालकांनी हंगामापूर्वी एकत्र बसून, नोंदणीपत्रातील वजनमर्यादा पुढे ठेवून, एका खेपेचे ओझे ठरवावे. मग शेजाऱ्याची भीती राहत नाही. ही बैठक घडवून आणणे हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम आहे. बियाणे व खत ह्यांबद्दल आपण जेवढ्या आस्थेने सांगतो, तेवढ्याच आस्थेने हेही सांगितले पाहिजे. बैठकीला केवळ मालकास नव्हे, तर चालकासही बोलवावे. "एवढे ओझे ओढणार नाही" असे म्हणण्याचा अधिकार त्याला मालकासमक्ष मिळाला, तर पुष्कळ क्लच वाचतील, आणि उतारावरचे काही जीवही.

बैल दमला की मान टाकतो, आणि शहाणा शेतकरी जू उतरवतो. यंत्राला मान टाकता येत नाही. त्याचे दमणे आपणच आधी ओळखून ओझे उतरविले पाहिजे.