सांडलेल्या दाण्यांचा हिशेब

यंत्राचे मोठेपण त्याच्या वेगावरून ठरविण्याची आपल्याला सवय जडली आहे. तासाभरात किती एकर शेत कापून झाले, एवढेच आपण विचारतो. मागे मातीत किती धान्य राहिले, हे विचारणारा विरळाच. कापणी व मळणी एकदम करणाऱ्या हार्वेस्टरच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

असे संयुक्त यंत्र नवे नव्हे. अमेरिकेतील मिशिगन येथील हायरम मूर यांनी १८३६ साली त्याचे पेटंट मिळविले. पुढे दीर्घकाळ या यंत्रांत आडवा बसविलेला दंडगोल ओंब्या झोडपून काढी आणि मागील हलत्या पट्ट्या काडातून दाणे झाडून घेत. काडाचा थर जाड झाला की दाणे त्यातच अडकून बाहेर पडत. १९७५ साली न्यू हॉलंड व १९७७ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपन्यांनी निराळी घडण बाजारात आणली. तीत लांब रोटर यंत्राच्या लांबीला समांतर असतो. पीक त्याच्याभोवती मळसूत्राप्रमाणे अनेक वेढे घेत मागे सरकते. एका वेढ्यात न सुटलेला दाणा पुढच्या वेढ्यात सुटतो आणि फिरण्याच्या जोराने जाळीबाहेर फेकला जातो. दाणे फुटण्याचे प्रमाण त्यामुळे कमी होते; काड मात्र अधिक मोडते.

ही सुधारणा कौतुकास्पद खरीच; परंतु रोटर आला म्हणून नासाडी संपली, असे मानणे भाबडेपणाचे होईल. पुढच्या पात्यापाशीच जे दाणे गळतात, त्यांना रोटर कसा वाचविणार? पंख्याचा वारा जोराचा असेल तर दाणे भुशाबरोबर उडून जातात. रोटर वाजवीपेक्षा जलद फिरला तर दाणा फुटतो, मंद फिरला तर ओंबीतच राहतो. शिवाय यंत्र जसजसे जलद हाकावे, तसतशी गळती आरंभी हळूहळू आणि एका मर्यादेपुढे एकाएकी वाढते. कॅनडातील प्रेअरी ॲग्रिकल्चरल मशिनरी इन्स्टिट्यूटने हार्वेस्टरांच्या परीक्षा घेतल्या, तेव्हा एकंदर गळती ३ टक्के असताना जेवढे काम होते, तेवढीच यंत्राची क्षमता धरली. त्यापलीकडचा वेग जमेस धरला नाही. हा न्याय आम्हास फार पटतो.

आमच्या माळव्यात गव्हाच्या हंगामात पंजाब-हरियाणाकडून भाड्याचे हार्वेस्टर येतात. त्यांची घडण जुनी असो वा नवी, भाडे बहुधा एकरावर ठरते. जितके एकर अधिक, तितकी यंत्रमालकाची मिळकत अधिक. सांडलेला दाणा मात्र शेतकऱ्याचा. यात दोष एकट्या चालकाचा नव्हे. ‘लवकर आटपा’ म्हणून घाई करणारे आपणच असतो. पूर्वी कापणीनंतर गोरगरीब सरवा वेचीत आणि पडलेली ओंबी कोणाच्या तरी पोटात जाई. यंत्रामागे सुटा पडलेला दाणा भुशाखाली दडतो. तो वेचणे माणसाच्या बोटांना साधत नाही.

कोणी म्हणेल, संथपणे कापणी करता करता गारपीट झाली तर? आक्षेप रास्त आहे. पीक फार काळ उभे राहिले तरीही दाणे झडतातच. म्हणूनच आम्ही मंदपणाचा नव्हे, मोजणीचा पुरस्कार करतो. पहिला फेरा झाला की यंत्र थांबवावे. एक मीटर लांब व तितकीच रुंद चौकट चार-पाच ठिकाणी ठेवून दाणे मोजावे, सरासरी काढावी आणि यंत्र येण्यापूर्वीच गळालेले दाणे वजा करावे. गव्हाचे हजार दाणे साधारणपणे ४० ग्रॅम भरतात. तेव्हा चौकटीत १०० दाणे मिळाले, तर एकरी सुमारे १६ किलो धान्य गेले असे समजावे. हे गणित आठवीचा विद्यार्थीही सहज करील.

विद्यार्थी मित्रहो, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी येत्या हंगामात हे काम अंगावर घ्यावे. भाडे ठरवितानाच गळतीची मर्यादाही ठरवावी, असा आग्रह वडीलधाऱ्यांपाशी धरावा. ताटात अन्न टाकू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. शेतात टाकलेले अन्नही अन्नच आहे, याचा विसर पडू नये.