भटकंती : कालव्याच्या काठाने, सायकलवरून



गेल्या अंकातला लेख वाचून एका वाचक भगिनीचा फोन आला. म्हणाल्या, "तुमची भटकंती छान असते हो, पण ती एक तर मोटारवाल्यांची, नाही तर डोंगर चढणाऱ्यांची. मला गाडी चालवता येत नाही, आणि गुडघे डोंगराला नाही म्हणतात. मी कुठे जायचं?" मी पटकन बोलून गेले, "सायकलवर जा!" त्या हसल्या. फोन ठेवल्यावर मात्र मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण मी स्वतः पाच वर्षं सायकलला हात लावला नव्हता.

त्याचं असं झालं. मी पुण्याची. पेठेतल्या वाड्यातून कॉलेजला रोज सायकलनं जाणारी. लग्न होऊन लेस्टरला आले तरी सवय सुटली नाही. पंचवीसएक वर्षं नोकरीवर सायकलनंच गेले. २०१८ सालच्या नोव्हेंबरात, संध्याकाळच्या अंधारात, एका राउंडअबाउटवर एक मोटार आत घुसली आणि मी रस्त्यावर. कॉलरबोन मोडलं. हाड तीन महिन्यांत जुळलं. भीती काही जुळेना. मागून गाडीचा आवाज आला की हातापायांतलं बळ जायचं. सायकल गॅरेजमध्ये गेली आणि तिच्यावर जुनी चादर पडली.

आमचे हे निवृत्त झाले आणि एक दिवस टेबलावर नकाशा पसरून बसले. म्हणाले, "तुला भीती सायकलची आहे की मोटारींची?" मी म्हटलं, "मोटारींची." "मग जिथे मोटारीच नाहीत तिथे जाऊ." हा विचार मला पाच वर्षांत सुचला नव्हता, हे कबूल करते.

नकाशा होता स्कॉटलंडच्या हायलंड्सचा. तिथून 'कॅलेडोनिया वे' नावाचा सायकलमार्ग जातो, राष्ट्रीय सायकल जाळ्यातला ७८ नंबरचा. दक्षिणेला कॅम्पबेलटाउन, उत्तरेला इन्व्हरनेस, एकूण सुमारे २३५ मैल. घाबरू नका, आम्ही त्यातला फक्त शेवटचा तुकडा केला : फोर्ट विल्यम ते इन्व्हरनेस, पासष्ट-सत्तर मैल, तेही तीन दिवसांत. निळ्या पाटीवर लाल चौकोनात ७८ आकडा दिसला की आपण बरोबर वाटेवर आहोत असं समजायचं.

२०२४ च्या मे अखेरीस आम्ही निघालो. सुरुवात बॅनव्हीच्या आठ लॉक्सपासून. एकापाठोपाठ एक आठ हौद, आणि त्यांतून बोटी जणू जिना चढतात. हा कॅलेडोनियन कालवा थॉमस टेलफर्डनं बांधला; काम १८०३ ला सुरू झालं, कालवा खुला झाला १८२२ ला. लांबी ६० मैल, पण खणावे लागले त्यातले २२ च. बाकी लॉख लॉकी, लॉख ऑइख, लॉख नेस या तळ्यांनी केलं. जहाजं पुढे मोठी झाली आणि कालवा त्यांना अपुरा पडला. पूर्वी घोडे ज्या काठावरून बोटी ओढत, तो काठ आता आमच्यासारख्यांच्या कामी येतो.

पहिला मैल मी हँडल इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. सवयीनं सारखं मागे बघत होते. मागे कोण, तर आमचे हे, आणि एक बदक. गेअरलॉकीपर्यंत सहा-सात मैल सपाट वाट, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला झाडी, आणि मान वळवली की बेन नेव्हिस. दुपारी लॉकच्या लाकडी तुळईवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तासाभरात मी मागे वळून पाहिलंच नव्हतं.

पुढे क्लुन्सपर्यंत छोटासा रस्ता आहे. जवळच अक्नाकॅरीला दुसऱ्या महायुद्धात कमांडोंचं प्रशिक्षण चाले. मग लॉख लॉकीच्या काठानं जंगलातली खडीची वाट. चढउतार आहेत, म्हणून जाड टायर बरे. मुक्काम लॅगनच्या आसपास केला. दुसऱ्या दिवशी लॉख ऑइखच्या काठानं १९४६ साली कायमची बंद झालेली रेल्वेलाइन लागते. रूळ गेले, वाट राहिली. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे अशी वाट आपल्या गुडघ्यांनाही मानवते. मध्ये मोठा ए-८२ रस्ता ओलांडावा लागतो. तिथे माझे पाय पुन्हा थिजले. ह्यांनी काही न बोलता माझी सायकलही धरली आणि आम्ही चालत पलीकडे गेलो. त्यात कमीपणा कसला?

या शांततेबद्दल एक सांगायला हवं. ती सगळीच निसर्गाची देणगी नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इथल्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना हुसकावलं. गावंच्या गावं ओस पडली, माणसं बोटीत बसून कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेली. लोकांना इथेच काम मिळावं, त्यांनी देश सोडू नये, हाही कालवा खणण्यामागचा एक हेतू होता. वाटेत पडक्या भिंती दिसल्या की मला कोकणातली कुलपं लावलेली घरं आठवत होती. आपण स्वखुशीनं आलो, ते हाकलले गेले, फरक मोठा आहे. पण मागे राहिलेली घरं सारखीच दिसतात.

तिसरा दिवस कसोटीचा. लॉख नेसच्या पश्चिमेला मोटारींची वर्दळ. सायकलमार्ग पूर्वेच्या जुन्या रस्त्यानं जातो. अठराव्या शतकात जनरल वेडनं लष्करासाठी रस्ते केले, त्यांचीच ही वाट. फोर्ट ऑगस्टसहून निघालं की हजार फुटांहून जास्त चढ. आम्ही अर्धाअधिक चालतच चढलो. इथे मोटारींना बंदी नाही, फक्त त्या क्वचित येतात. रस्ता एका गाडीपुरता, आणि ठरावीक अंतरावर बाजूला सरकायला जागा.

उतारावर मागून घरघर ऐकू आली. मोठी घरगाडी होती. छातीत धडधडलं. पण ती मागेच राहिली. ना हॉर्न, ना घाई. थोड्या वेळानं जागा आली, मी बाजूला झाले, चालकानं हात हलवला आणि ती निघून गेली. बस्स, एवढंच. पण पाच वर्षांत पहिल्यांदा एक मोटार माझ्या शेजारून गेली आणि मी पडले नाही.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी :

रेल्वेत सायकलची जागा आधी राखून ठेवा. जागा मोजक्याच असतात. लंडनहून फोर्ट विल्यमला रात्रीची झोपायची गाडीही जाते.

मे महिना उत्तम. नंतर सप्टेंबरपर्यंत मिज नावाची चिलटं फार छळतात. वारा सुटला की नाहीशी होतात. डोक्यावरून घ्यायची जाळी जवळ असू द्या.

दुकानं विरळ आहेत. लाडू, मेतकूट, दोन जादा ट्यूब, पंप आणि रेनकोट हवाच. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कागदी नकाशा घ्या.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्यानं माळरानावरून, जंगलातून पायी वा सायकलनं जायचा हक्क सर्वांना दिला आहे, जबाबदारीनं वागण्याच्या अटीवर. फाटक उघडलंत तर लावून घ्या.

चढ नको असेल तर फक्त बॅनव्ही ते गेअरलॉकी जा आणि परत या. तेवढ्यानंही दिवस सार्थकी लागतो.

लेस्टरला परतल्यावर चादर धुऊन कपाटात ठेवली. त्या राउंडअबाउटवरून मी अजून जात नाही. पलीकडून, कालव्याच्या काठानं जाते. दहा मिनिटं जास्त लागतात. लागू देत!

आणि त्या फोनवाल्या ताईंना निरोप : आता मी विचार करून सांगते, सायकलवर जा. सोबत हवी असेल तर फोन करा.

पुढच्या अंकात भेटूच.