कॅरिअरवरची पिशवी

पुणेकराला सायकलचे कौतुक सांगायला जाऊ नये. म्युनिसिपालिटीचा बिल्ला, दिवा नसला की चौकातल्या पोलिसाची शिट्टी आणि डबलसीट पकडले गेल्यावर मागे बसलेल्याचा अचानक मुरगळणारा पाय, हे सारे आमच्या पिढीने यथासांग भोगले आहे. पुढे घरोघर स्कूटरी आल्या आणि सायकली जिन्याखाली गेल्या. आता त्या पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. फरक इतकाच की, पूर्वी लोक स्कूटर परवडत नाही म्हणून सायकल चालवीत, आता दाराशी मोटार असूनही चालवतात.

आमच्या घरात सायकल परत आली ती भाच्यामुळे. गेल्या वर्षी त्याने मित्रांबरोबर सायकलवरून पंढरपूरला जायचे ठरवले. दोनशेहून अधिक किलोमीटरची मजल, म्हणजे कपडे, पंक्चरचे सामान, खाणे सगळे बरोबर हवे. पाठीवर ओझे घेतले की खांदे भरून येतात आणि शर्ट घामाने चिंब होतो. तेव्हा हा एका रविवारी येऊन हिला म्हणाला, “मामी, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकतील अशा पिशव्या शिवून द्याल?”

ही म्हणजे आमचे कुटुंब. हिच्या शिवणाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घरात पायांचे मशीन आले, तेव्हापासून ते थांबलेले नाही. साऱ्या आप्तांची झबली, टोपरी, बाळंतविडे, अभ्रे, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या त्याच्यावरूनच गेल्या. कोणी “किती झाले?” असे विचारले की हिचे ठरलेले उत्तर, “अहो, छंद आहे माझा. त्याचे कसले पैसे?” आणि आम्हीही मान डोलवायचो.

तर पिशव्या झाल्या. जाड खाकी कॅनव्हास, आतून अस्तर, वर बक्कल. दिसायला सुरेख. पण भाचा पर्वतीपर्यंत जाऊन परत आला, तो टाच चोळीत. पायडल मागे आले की प्रत्येक फेऱ्याला टाच पिशवीवर आपटत होती. शिवाय पिशवीचा खालचा कोपरा हेलकावे घेत चाकाच्या आऱ्यांकडे सरकत होता. हिने सायकल दिवाणखान्यात आणायला लावली, त्याला बसायला सांगितले आणि तो पायडल उलटे फिरवीत असताना खडूने खुणा केल्या. दुसऱ्या खेपेला पिशवीचा पुढचा कोपरा तिरका कापला, सबंध पिशवी चार बोटे मागे घेतली, चाकाकडच्या बाजूला अस्तराच्या आत पातळ फळी घातली आणि खालून कॅरिअरच्या दांडीला अडकवायला एक पट्टा दिला. जड सामान तळाशी भरायचे, हा नियमही तिनेच घालून दिला. पिशवी गप्प बसली.

ट्यूबची कल्पना मात्र कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानात सुचली. तिथे ठिगळांच्या पलीकडे गेलेल्या ट्यूबांचा ढीग पडलेला असतो. त्या हिने मागून आणल्या, उभ्या चिरल्या, आतली पांढरी भुकटी साबणाने धुऊन काढली आणि त्यांच्या पट्ट्यांचा पिशवीच्या काठांना गोट लावला. पिशवी घासली जाते, भिजते ती काठालाच आणि रबर या दोन्हींना पुरून उरते. पण ते शिवणे सोपे नव्हे! मशीनचा दाबणारा पाय रबराला चिकटतो, कापड पुढे सरकत नाही आणि टाके एकमेकांवर चढतात. दोन सुया मोडल्यावर हिने रबरावर पातळ कागद ठेवून शिवले आणि नंतर कागद ओढून फाडला. सुतळीसारखा सुती दोरा पावसात कुजेल म्हणून नायलॉनचा घेतला. हे हिला कोणी शिकवले नव्हते.

पंढरपूरहून भाचा परत आला तो सहा मित्रांच्या मागण्या घेऊन. आणि तिथे आमच्या घरात वादाला तोंड फुटले.

पहिल्या मुलाला हिने साडेचारशे रुपये सांगितले. आम्ही जन्मभर हिशेबखात्यात खर्डेघाशी केलेली, राहवले नाही. वही काढून मांडले. कॅनव्हास, अस्तर, बक्कल, पट्टे, दोरा मिळून खर्च चारशे. राहिले पन्नास. बेतणे, ट्यूब धुणे, शिवणे, टाके पक्के करणे यांना लागले पाच तास. म्हणजे तासाला दहा रुपये! दहा रुपयांत पुण्यात रिक्षा जागची हलत नाही.

“मग काय पोराकडून हजार घेऊ?” ही म्हणाली.

“का नको? त्याची सायकल किती हजारांची आहे, विचारलेस?”

“त्याची सायकल महाग आहे म्हणून मी लुबाडू होय?”

दोन दिवस घरात याच विषयावर मौन होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही वाचलेल्या दोन गोष्टी हिला सांगितल्या. पहिली इंग्लंडातली. लँकेशायरमध्ये नेल्सन नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. तिथल्या विल्फ कॅराडाइस या सायकलवेड्या माणसाला मनासारखी पिशवी मिळेना, म्हणून त्याने ती स्वतःच शिवली. बरोबरचे सायकलस्वार मागू लागले आणि 1932 साली धंदा उभा राहिला. त्या पिशव्या जाड सुती कापडाच्या असतात आणि आतल्या चिठ्ठीवर ती शिवणाऱ्याची सही असते.

दुसरी स्वित्झर्लंडमधली. झुरिचमध्ये मार्कुस आणि डॅनियल फ्रायटाग हे दोघे भाऊ. दोघेही सायकलवर हिंडणारे, आणि पावसात कागद भिजू नयेत अशी पिशवी त्यांना हवी होती. घरासमोरून रंगीबेरंगी ताडपत्रीचे ट्रक जात. 1993 साली त्यांनी जुनी ताडपत्री आणली, न्हाणीघरातल्या टबात धुतली आणि घरातच पिशवी शिवली. खांद्याचा पट्टा मोटारीच्या जुन्या सीटबेल्टचा, आणि काठांना गोट कशाचा, तर सायकलच्या टाकाऊ ट्यूबचा!

हे ऐकून ही मशीनवरून उठली. “म्हणजे माझ्यासारखाच?”

“तुझ्यासारखाच. पण त्यांनी तासाला दहा रुपये घेतले नसणार.”

ही हसली, पण नंतर जे म्हणाली ते आम्हाला लागले. “तुमच्या वहीत दुधाचा, पेपरवाल्याचा, माझ्या चपलेच्या टाचेचा सुद्धा खर्च आहे. मी इतकी वर्षे शिवले, ते कधी मांडलेत का हो? साडेचारशे मी कशावरून ठरवले असतील?”

उत्तर नव्हते. रात्री जुन्या वह्या काढून पाहिल्या. दोरा आहे, सुया आहेत, मशीनचे तेल आहे. शिवणारीचा रकाना कुठेच नाही. जिच्या वेळेची किंमत घरात कोणी शून्य धरली, तिने बाहेर दहा रुपये धरले, यात चूक तिची नव्हती.

मग दोघांनी बसून किंमत ठरवली. सामान चारशे, पाच तासांचे शंभरप्रमाणे पाचशे, सुया, वीज, फुकट गेलेले कापड यांचे पन्नास आणि पुढच्या सामानाला शिल्लक हवी म्हणून शंभर. साडेदहाशे. हिने पहिल्यांदा ती रक्कम सांगितली तेव्हा नजर जमिनीकडे होती. पोराने “चालेल, मावशी,” म्हणून पैसे तिथल्या तिथे पाठवले. दोघांनी मात्र महाग म्हणून पाठ फिरवली. हिला वाईट वाटले, आम्हाला हिच्याहून जास्त वाटले. पण किंमत उतरवली नाही. एकीचा पट्टा ताम्हिणीच्या घाटात सुटला, तो मात्र हिने एक पैसा न घेता नव्याने शिवून दिला. “टाका माझा होता,” एवढेच म्हणाली.

खरा पेच पुढेच होता. यंदा दसऱ्याच्या आधी एका कचेरीतून विचारणा आली: नोकरवर्गाला दिवाळीची भेट म्हणून साठ पिशव्या, वीस दिवसांत. आकडा ऐकून आमच्यातला हिशेबनीस जागा झाला. साठ गुणिले पाच, म्हणजे तीनशे तास, दिवसाला पंधरा! हिने बोटांवरच मोजले. “अहो, पंधरा तास बसले तर खांदा जाईल. आणि बाई लावून घाईने शिवल्या तर कोणाचा तरी पट्टा घाटात सुटेल.” तिने बारा पिशव्या कबूल केल्या, बाकीच्यांना नाही म्हटले. ते बाराही घेणार नाहीत अशी आमची खात्री होती. त्यांनी घेतल्या, साहेबलोकांसाठी.

छंदाचा धंदा करावा की नाही, हे आम्हाला विचाराल तर उत्तर हिच्याकडून उसने घेऊ. करावा, पण आधी आपल्या तासाची किंमत घरातल्या माणसांसमोर मोठ्याने सांगून पाहावी. तिथे जीभ अडखळली नाही, तर गिऱ्हाइकासमोरही अडखळणार नाही. आणि जे काम करताना आनंद होतो ते किती केल्यावर आनंद उरत नाही, तो आकडा ओळखून त्याच्या अलीकडे थांबावे. नोंदणी, पावत्या ही कामे अवघड नाहीत; तेवढी आमच्यासारखे निवृत्त नवरे आनंदाने करतात.

त्या बारा पिशव्या परवा गेल्या. प्रत्येकीच्या आत हिने कापडाची एक चिठ्ठी शिवली आहे, आणि तिच्यावर लाल दोऱ्याने नाव भरले आहे. आम्ही चष्मा लावून वाचले. आडनाव नाही, “सौ.” नाही. लग्नापूर्वीचे, माहेरचे पाळण्यातले नाव आहे ते. या घरात त्या नावाने तिला कोणी हाक मारलेली आम्हाला आठवत नाही.

वहीत नवा रकाना पाडला आहे. त्याच्या डोक्यावर आम्ही तेच नाव लिहिले.