मेट्रोने मंडईत!

शनिवारी सकाळी पुण्यात तुम्ही काय करता? कॅम्पात ब्रेकफास्ट, नाहीतर सिंहगड, नाहीतर सरळ बारापर्यंत ताणून देणं! मंडळी, माझ्याकडे चौथा ऑप्शन आहे. कापडी पिशवी घ्या, मेट्रो पकडा आणि ‘मंडई’ स्टेशनला उतरा. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि ‘तिथे पार्किंग कुठे मिळतंय?’ ही आपली हुकमी सबब कायमची गेली.

जमिनीवर आलात की आधी मान वर करा. दगडी भिंती, अष्टकोनी गाभा, त्यावर चढत गेलेला मनोरा... भाजीसाठी एवढा थाट? १८८६ मध्ये ही इमारत सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं ‘रे मार्केट’, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. आणि खरी गंमत पुढेच आहे. या बांधकामाला नगरपालिकेत विरोध कुणी केला? जोतीराव फुल्यांनी! एवढा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने मंडईला नाव मिळालं ते नेमकं त्यांचंच. जोतीरावांना हे कळलं असतं तर त्यांनी काय ऐकवलं असतं, कुणास ठाऊक!

आत मात्र इतिहासाला कुणी विचारत नाही. ‘ए ताई, गवार बघ, कवळी आहे!’ मी गेले होते संक्रांतीच्या आधी, भोगीची भाजी घ्यायला. ॲपवर ती सोलून-चिरून पाकिटात मिळते हो, पण ते पाकीट चौघांना पुरेल एवढं. इथल्या मावशींनी आधी विचारलं, ‘घरात किती माणसं?’ म्हटलं, ‘एकटीच.’ मग त्यांनी मूठभर पावटा, मूठभर ओला हरभरा, दोन वांगी, एक गाजर आणि चार बोरं असा नेमका वाटा बांधला. वर कोथिंबिरीच्या चार काड्या. फुकट! हा हिशेब कुठल्याही सॉफ्टवेअरला अजून जमलेला नाही, आणि हे मी आयटीत काम करून सांगतेय.

गर्दी कमी होती म्हणून गप्पा लांबल्या. गाळा सासूबाईंचा. मावशी लग्न होऊन आल्या आणि इथेच बसल्या. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, मॉल आले, आता दहा मिनिटांत भाजी दारात. ‘गिऱ्हाईक येतं गं, पण म्हातारं. तुमच्यासारखी पोरं येतात, फोटो काढतात आणि जातात.’ मी गुपचूप मोबाइल पर्समध्ये टाकला.

‘पण याच गाळ्यावर दोन पोरी ग्रॅज्युएट केल्या,’ मावशी म्हणाल्या. एक बँकेत आहे, दुसरी हिंजवडीत.

‘मग तुमच्यानंतर गाळ्यावर कोण?’

‘कोण येतंय? आणि का यावं? पहाटे चारला उठायचं, कंबर मोडेस्तोवर बसायचं. त्यासाठी शिकवलं का त्यांना?’ त्यांनी वांग्यांवर पाणी शिंपडलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

मला काय बोलावं सुचेना. मुली शिकल्या म्हणून आनंद व्हायचा, की गाळा रिकामा होणार म्हणून वाईट वाटायचं? मी आपली पाव किलो गाजरं आणखी घेतली.

पिशवी जड झाली तरी लगेच परतू नका. दोन पावलांवर तुळशीबाग आहे. झुमक्यांच्या गर्दीतून आत शिरा. नारो अप्पाजींनी १७६१ मध्ये बांधायला घेतलेलं राममंदिर तिथे आहे, आणि बाहेर भातुकलीची पितळी भांडी. मी चिमुकली किसणी घेतली. घासाघीस करून, अर्थातच! येताना सुट्टे पैसे ठेवा. यूपीआय सगळीकडे चालतं, पण सुट्टे दिले की मावशी खूश होतात आणि मिरची जरा जास्त येते.