विश्लेषण : खेळाडूवरचा माहितीपट नेमका कोणाचा?

फॉर्म्युला वन चालक आयर्टन सेना, फुटबॉलपटू दिएगो मॅराडोना आणि टेनिसपटू रॉजर फेडरर या तिघांवरील माहितीपटांमागे एक समान नाव आहे, आसिफ कपाडिया. लंडनमध्ये जन्मलेल्या या भारतीय वंशाच्या दिग्दर्शकाने इरफान खानला घेऊन केलेला ‘द वॉरियर’ (२००१) हा कथापट होता. माहितीपटांकडे तो नंतर वळला.

‘सेना’ वेगळा का ठरला?

‘सेना’त (२०१०) मुलाखती फक्त ऐकू येतात. पडद्यावर दिसते ते त्या काळातले चित्रण : शर्यती, चालकांच्या बैठका, घरगुती चित्रफिती. १९९४ मध्ये इमोला येथे अपघातात मृत्यू पावलेला सेना त्यामुळे वर्तमानात वावरतो. यात अर्थात मेख होती. फॉर्म्युला वनचा संग्रह खुला झाला नसता, तर हा माहितीपट झालाच नसता. सेनाचा प्रतिस्पर्धी अ‍ॅलन प्रॉस्टला त्यातील स्वतःची प्रतिमा पटली नाही. ‘बाफ्टा’ने मात्र सर्वोत्तम माहितीपटाबरोबरच संकलनाचाही पुरस्कार दिला. खरा खेळ तिथेच होता.

मॅराडोना का रागावला?

‘दिएगो मॅराडोना’साठी (२०१९) पाचशे तासांहून अधिक चित्रण हाती होते. त्यातले बरेचसे मॅराडोनाच्याच एजंटने ऐंशीच्या दशकात कॅमेरामन नेमून करून घेतले होते. तो नियोजित चित्रपट कधी झालाच नाही. कपाडियाने त्यातून नेपल्समधली वर्षे उभी केली. विजेतेपदांसोबत कोकेन, माफियांशी सलगी आणि नाकारलेला मुलगाही आला. मॅराडोनाने मुलाखती दिल्या होत्या. तरीही पोस्टरवरील ‘हसलर’ (लबाड) या शब्दावरून त्याने चाहत्यांना चित्रपट पाहू नका, असे सांगितले. चित्रण त्याच्या गोटातले, पण कात्री दुसऱ्याच्या हाती होती.

मग फेडररबाबत काय बदलले?

‘फेडरर : ट्वेल्व्ह फायनल डेज’मधील (२०२४) चित्रण सहदिग्दर्शक जो साबियाने २०२२ मध्ये निवृत्तीच्या दिवसांत केले, तेही मुळात घरगुती आठवण म्हणून. कपाडिया नंतर आला. लंडनमधील अखेरच्या सामन्यानंतर शेजारी बसून रडणारा नदाल पाहताना गलबलून येते. फेडररला अडचणीत आणणारा प्रश्न मात्र शोधूनही सापडत नाही.

हे एकट्या कपाडियापुरते नाही. ‘द लास्ट डान्स’मध्ये (२०२०) मायकेल जॉर्डनच्या कंपनीचा सहभाग होता आणि ज्येष्ठ माहितीपटकार केन बर्न्स यांनी त्यावर उघड आक्षेप घेतला होता. ‘बेकहॅम’ (२०२३) या मालिकेच्या निर्मात्यांत ‘स्टुडिओ ९९’ हे नाव दिसते. ती कंपनी डेव्हिड बेकहॅमचीच आहे.